दहापैकी किती दुखतंय?

सिडनीतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत एक मराठी बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, सोबत त्यांचा मुलगा. सुती साडीवर मुलाचं जॅकेट, आणि छातीवर दाबून धरलेली मूठ. छातीत माझ्याही दुखत होतं. नर्सने विचारलं, "दहापैकी किती?" मी आठ म्हणालो. रक्त तपासून मला हृदयाच्या सीटी स्कॅनला नेलं. रक्तवाहिन्या साफ निघाल्या.

परत आलो तर बाई तिथेच, मूठही तशीच. मुलगा नर्सला सांगत होता, "जस्ट गॅस, नो वरीज. ती दोन म्हणतेय."

तो कॉफी आणायला गेल्यावर मी विचारलं, "काकू, खरंच दोन?"

"अहो, जास्त सांगितलं तर त्याची शिफ्ट बुडेल. आणि सून म्हणेल, आल्या आणि आजारी पडल्या."

माझं डोकं फिरलं. बाईने आपलं दुखणंही मुलाच्या सोयीने मोजायचं, ही कसली रीत? त्याहून जास्त चीड मला माझीच आली. ती मूठ मी आल्यापासून पाहत होतो आणि गप्प होतो. मी नर्सला सगळं सांगितलं. तिने फोनवर मराठी दुभाषी घेतला आणि थेट बाईंनाच विचारलं.

"नऊ," त्या म्हणाल्या.

नर्सने धावत स्ट्रेचर आणला. मुलगा कॉफी घेऊन दारात उभा. "आई! मला तर दोन म्हणालीस!"

"तुला तेवढंच झेपलं असतं रे," स्कॅनला जाता जाता त्या म्हणाल्या.

आवाजात राग अजिबात नव्हता, आणि मला त्याचाच सर्वात जास्त राग आला.