साहेबाला आवतण

दांडी गावात वत्सलाबाई आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. भटजींना उशीर झाला तर चालतं, पण वत्सलाबाईंचा घसा बसला तर अख्खा मांडव काळजीत पडतो. लग्नातली धवल्याची गाणी त्या गातात. सासूने शिकवलेली, आणि सासूला तिच्या सासूने. बाकी दिवसभर त्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात आणि तिथेच कडवी जुळवतात. त्यांचा नवरा रामू, जुना होडीवाला, म्हणतो की हिच्या गाण्यापायी आमचे बोंबील गरजेपेक्षा जास्त वाळतात.

हळद लावताना आवतणाचं गाणं होतं. गावदेवीला, दर्याला, मग सोयऱ्यांच्या एकेका गावाला नाव घेऊन हाक मारायची. ज्याचं नाव आलं त्याने उठायचं आणि नवरीला हळद लावायची. देवांच्या वतीने घरची सवाशीण उठते. आणि एकदा गाण्यात घेतलेलं नाव पुढे कधी गाळायचं नाही. गाळलं तर तो रुसतो, आणि त्याचा रुसवा नवरीला भोवतो.

या गाण्याच्या शेवटी एक नाव असं आहे, जे देवाचं नाही आणि सोयऱ्याचंही नाही. ते वत्सलाबाईंनी स्वतः घातलं.

त्या वेळी त्या ऐन तारुण्यात होत्या. रामूची होडी वादळात बेपत्ता झाली. वत्सलाबाई पोराला कडेवर घेऊन ठाण्याला निघाल्या. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. माणूस मोखाड्याच्या डोंगरातला असो की दांडीच्या वाळूतला, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचं दार ठाण्यालाच होतं. गाड्या बदलत, विचारत विचारत त्या पोचल्या, तोवर साहेब उठून गेले होते. दारावरचा माणूस म्हणाला, उद्या या. दांडीच्या बाईला उद्या या! रामू पुढे गुजरातच्या किनाऱ्याला लागून आपल्या पायांनी घरी आला, पण तो 'उद्या' वत्सलाबाईंच्या काळजात रुतून बसला. पुढच्याच लग्नात त्यांनी कडवं जोडलं:

ठाण्याच्या सायबाला आवतन धाडा,
पाला माशाचा काटा त्याच्या घशात गाडा.

बायका पोट धरून हसल्या. साहेब कशाला मरायला दांडीत येतोय! त्याच्या नावाला कोणी उठायचं नाही, बायका हसून मोकळ्या व्हायच्या आणि गाणं पुढे जायचं.

मग दोन हजार चौदा साली पालघर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले आणि वत्सलाबाईंपुढे पेच पडला. रामू म्हणाला, "आता ठान्याच्या सायबाला कशाला तरास देतेस? आपला सायेब पालघरला आला." बाईंनी विचार केला. खुर्ची तीच, बिऱ्हाड तेवढं बदललं, म्हणजे नाव गाळल्यासारखं होत नाही. सुरुवातीला कचेऱ्या पालघरात मिळेल त्या जागेत होत्या. कुठली कचेरी कुठे, हे शोधण्यातच माणसाची सकाळ जायची. तेवढी वर्षं त्या 'पालघरचा सायेब' गायल्या. पुढे कोळगावला मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा 'कोलगावचा सायेब' झाला. नव्या जिल्ह्याचा इतका इमानदार इतिहास दुसऱ्या कोणी ठेवला नसेल. काटा मात्र जुनाच राहिला.

आणि यंदा त्यांच्या नातीचं, दिशाचं लग्न ठरलं. दिशा नुकतीच त्याच कोळगावच्या कार्यालयात नोकरीला लागली होती, आणि तिच्या वरच्या अधिकारी, कीर्ती मॅडम, हळदीला येणार होत्या.

"आजी, तेवढं एक कडवं सोड ना गं," दिशा म्हणाली. "मॅडम समोर बसणार. मी कुठल्या तोंडाने उद्या कामावर जाऊ?"

"घेतलेलं नाव सोडता येत नाय. रुसवा तुलाच भोवंल."

"आणि मॅडम रुसल्या तर?"

"तुमी दोघी रुसल्यात तर मी आपला होडी घेऊन जातो," रामू म्हणाला. कोणी हसलं नाही.

दिशा आजीशी बोलेनाशी झाली. वत्सलाबाईंना फार लागलं. ही पोर त्यांचा जीव की प्राण. तिला दुखवायचं नव्हतं आणि तिच्या लग्नात गाणं मोडायचंही नव्हतं. रुसव्याची त्यांना खरीच भीती वाटत होती.

हळदीला मॅडम साधी साडी नेसून आल्या आणि पुढच्या खुर्चीत बसल्या. वत्सलाबाईंनी सूर लावला. गावदेवी झाली, दर्या झाला. एकेक गाव उठलं, हळद लावून बसलं. मग आलंच ते.

"कोलगावच्या सायबाला आवतन धाडा..." मागच्या बायकांनी तीच ओळ धरली.

"हे काय चाललंय?" मॅडमनी शेजारी बसलेल्या गावातल्या सुगंधाला विचारलं.

"ज्याचं नाव येतं त्यानं उठायचं, हळद लावायची," सुगंधा भोळेपणाने बोलून गेली.

मॅडमनी हातातलं सरबत खाली ठेवलं, चपला काढल्या आणि सरळ नवरीपुढे आल्या. दिशाने डोळे गच्च मिटले होते. मॅडमनी बोटांवर हळद घेऊन तिच्या दोन्ही गालांना लावली आणि पुढे काय करायचं ते न कळून तिथेच उभ्या राहिल्या.

वत्सलाबाईंचा आवाज थांबला. मागे धरणाऱ्या बायका तोंड उघडून वाट बघत राहिल्या. आयुष्यभर हाक मारली, आज पहिल्यांदा कोणी उठलं होतं. म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. तिने पदराने तोंड पुसलं आणि उरलेली ओळ नवीच गायली:

आला गो सायेब, पाट मांडा,
पाल्याचा काटा येचून वाढा.

दिशाने डोळे उघडले आणि रडत रडत हसली. मॅडम अवघडून म्हणाल्या, "आजी, मी बरोबर केलं ना?"

वत्सलाबाईंनी उरलेली हळद मॅडमच्याच गालांना फासली.

"बरोबर केलंस गो बाय," त्या म्हणाल्या. "पन लय उशीर केलास."