गुलाबरावांच्या पाठीवरची जाळी

निवृत्त सुभेदार गुलाबराव दिल्ली छावणीजवळ राहायचे. दर चौदा जानेवारीला मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धभूमीवर जाई आणि तिथल्या स्मारकापर्यंत भगवा झेंडा न्यायचा मान अकरा वर्षं त्यांचाच होता. मागून चालणाऱ्या विनायकरावांचा डोळा त्या झेंड्यावर आहे, हे त्यांना मान न वळवताही कळायचं.

म्हणून तर त्यांनी कंबरदुखी कुणाला कळू दिली नाही. सकाळी उठलं की गरम पाण्याची पिशवी कमरेला लावायची, वरून फौजी पट्टा आवळायचा, त्यावर दोन स्वेटर. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या पत्नीला, भीमाबाईंना. आणि त्यांना तोंड न उघडण्याची शपथ घातलेली.

डिसेंबरात भीमाबाई त्यांच्या पाठीला तेल लावायला बसल्या आणि थबकल्या. कमरेवर तपकिरी जाळी उमटली होती.

"अहो, पाठीवर कुणी मासे धरायला बसलं होतं का?"

औषधाच्या दुकानदाराने बुरशी ठरवून मलम दिलं. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आजींनी यकृताला दोष देऊन आठवडाभर मुळ्याचा रस पाजला. जाळी जागची हलेना. भीमाबाईंची थट्टा बंद झाली.

"काय आहे ते कळल्याशिवाय बसमध्ये पाऊल टाकाल तर खबरदार!"

दहा जानेवारीला दोघं त्वचेच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर क्षिप्रा दिल्लीतच वाढलेली, मराठी घरातली. आत जाण्याआधी गुलाबरावांनी कमरेची पिशवी सोडून भीमाबाईंच्या थैलीत दडवली.

मलमाची आणि मुळ्याच्या रसाची हकीकत ऐकून तिने विचारलं, "काका, शेक वगैरे घेता?"

"छे! फौजी माणूस आहे मी."

"अच्छा. दुखतं कुठे?"

"कुठेच नाही."

क्षिप्राने पाठीवर हात ठेवला. "कमाल आहे! बाहेर सहा डिग्री, माझी बोटं गारठलीत, आणि तुमची कंबर तव्यावरच्या भाकरीसारखी?"

थैलीतून डुबुक आवाज आला.

"चहा आहे," गुलाबराव घाईने म्हणाले.

"बिल्कुल चालेल. द्या कपभर."

भीमाबाईंनी शपथ मोडली नाही. तोंडातून अक्षर न काढता त्यांनी रबरी पिशवी काढून टेबलावर ठेवली.

क्षिप्रा मनसोक्त हसली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "ही जाळी शेकाचीच. एकाच जागी, महिनोन्‌महिने. शेक थांबवा, हळूहळू फिकी होईल. तिथे गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच या. पण काका, डाग तुम्ही तिघांना दाखवलात, दुखणं एकालाही नाही. कधीपासून आहे?"

गुलाबराव स्वेटरचं बटण चाचपत राहिले. "दोन वर्षं. डाव्या पायात कळ जाते."

तिने हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि तपासणी होईपर्यंत ओझं उचलायला मनाई केली.

घरी येऊन गुलाबरावांनी मोठ्या कष्टाने विनायकरावांना फोन लावला. "झेंडा तुम्ही घ्या. माझी कंबर दुखते."

पलीकडे विनायकराव खाकरले. "सुभेदार, कुणाला सांगू नका... माझा गुडघा."

चौदाला काला अंबला झेंडा भीमाबाईंच्या हातात होता. मागे दोघे मानकरी, एक कमरेवर हात ठेवून, एक लंगडत.

"अगं, काठी सरळ धर!" गुलाबरावांना राहवलं नाही.

भीमाबाई मागे न बघता म्हणाल्या, "तोंड उघडायचं नाही. शपथ आहे तुम्हाला."