अंगावरचा सोयरा

मुलगा गोठ्याच्या दाराशी उभा राहून रडत होता आणि सासूने त्याचा दंड धरून ठेवला होता. दीड वर्षाचा होता, अजून अंगावर पीत होता. माझा पदर दुधाने भिजला होता, पण मला गोठ्याबाहेर यायची बंदी होती. चार दिवस झाले होते.

"रडून रडून गप होईल," सासू म्हणाली. "तिकडं गेलीस की तरी कुठं दिसणार हाय तुला तो?"

तिकडं म्हणजे माझ्या माहेरी, टोकावड्याच्या बाजूला. मला महारोग झाला आहे असं गावाने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी महारोग तपासणारे डॉक्टर गावच्या शाळेत येणार होते. त्यांनी हो म्हटलं की मी माहेरी जायचं आणि मुलगा इथे ठेवायचा, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. नवरा खाली मान घालून ऐकत होता. तो चांगला माणूस होता, पण बापापुढे त्याला तोंड नव्हतं.

चूक माझ्याच तोंडाची होती. बाळंतपणानंतर माझ्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे आले. वर पांढरा, अभ्रकासारखा चमकणारा पापुद्रा. खाजवला की भुसा पडायचा, आणि जास्त ओरबाडला तर खालून टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे ठिपके यायचे. विहिरीवर कुणीतरी विचारलं, "कसा हाय गो आता?" मी म्हटलं, "काय सांगू, कालपासून जास्त झडतंय."

झडतंय. आमच्याकडे हा शब्द एकाच रोगाला वापरत, ज्यात हातापायांची बोटं झडतात. मी पापुद्र्याबद्दल बोलत होते. बायांनी घागरी अर्ध्याच भरल्या आणि निघून गेल्या. मी घरी पोचायच्या आधी माझं ताट गोठ्यात गेलेलं होतं.

गंमत म्हणजे सासूच्या पायांना माझ्यापेक्षा वाईट झालेलं होतं. मी तिला आत्या म्हणायचे. आत्याच्या घोट्यांवर आणि बोटांच्या बेचक्यांत दरवर्षी लावणीच्या चिखलात फोड यायचे, फुटायचे, पिवळं पाणी वाहायचं. दिवसभर खाजवायची. पण त्याला नाव होतं, इसब. इसबाला कोणी घाबरत नसे. आत्या त्यावर गोवरीची राख दाबायची, पाणी सुकायचं, बरं वाटायचं. माझे चट्टे दिसल्यावर तिने मलाही मायेने राखच लावली. माझं आधीच कोरडं. राखेने ते भेगाळलं, दुप्पट पसरलं. तिची माया तेवढी बाधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेले. चौथीत शाळा सुटल्यानंतर मी पुन्हा शाळेची पायरी चढले ती अशी. माझ्यामागे वीस पावलांवर सासरे, त्यांच्यामागे आत्या, मग मुलाला खांद्यावर घेऊन नवरा, मग निम्मं गाव. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. सगळे खिडकीला लटकले.

डॉक्टर तरुण होते, चष्मा लावलेले. मला बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "टोचलं की सांगायचं. महारोगात चट्ट्याला कळत नाही."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. काही लागलं नाही.

"कळलं?"

"काय कळायचं?" मी म्हटलं.

मी डोळे उघडले तर डॉक्टरांच्या हातात टाचणी होती आणि ती माझ्या कोपरावरच टेकलेली होती. मला टाचणी कळली नव्हती. खिडकीतून आत्याचा आवाज आला, "बघा, नाय कळला तिला." आणि मागे कुठेतरी माझा मुलगा रडायला लागला.

डॉक्टर मात्र चट्ट्याकडे वाकून बघत राहिले. मग त्यांनी बाटलीतलं तेल कापसावर घेतलं, माझ्या कोपरावर चोळलं आणि नखाने पापुद्रा सोलून काढला. चांगला जाड निघाला, वांग्याच्या सालीएवढा. "आता मिटा डोळे," म्हणाले. मी मिटले, पण माझं लक्ष मुलाच्या रडण्याकडे होतं. त्यांनी टाचणी रुतवली.

"मेल्या, मुडदा बशिवला तुझा!"

हे मी ओरडले. हात झटकला तो त्यांच्या चष्म्याला लागला आणि चष्मा फळ्याखाली जाऊन पडला. सासऱ्यांसमोर मी लग्नापासून एक शब्द मोठ्याने बोलले नव्हते.

डॉक्टर चष्मा शोधता शोधता हसत सुटले. "हिला महारोग नाही," खिडकीकडे बघून म्हणाले. "महारोग असता तर मला ही शिवी मिळाली नसती. वरची साल जाड होती म्हणून आधी कळलं नाही."

सासरे खिडकीतून मागे वळले आणि गावाकडे बघून म्हणाले, "ऐकलात ना समद्यांनी? शिवी दिली माझ्या सुनंनं. चांगली खणखणीत दिली." असं म्हणाले की जसं काय मी परीक्षेत पहिली आले.

मी कोणाची वाट न बघता बाहेर गेले आणि नवऱ्याच्या खांद्यावरून मुलगा ओढून घेतला. तिथेच पायरीवर बसून त्याला पाजलं. त्याने रागाने चावा घेतला, तोही मला चांगला कळला.

आत्या आत शिरून डॉक्टरांशी भांडत होती. "मंग तिला झाला काय? इसब तर नाय हा. इसब मला हाय, मला म्हायती हाय." आणि लुगडं वर करून तिने पाय पुढे केले. डॉक्टरांनी मला परत बोलावलं आणि दोघींना शेजारी बसवून समजावलं. आत्याचं ते इसब. ओलं असतं, खूप खाजतं, चिखल, शेण, साबण लागलं की भडकतं, आणि त्याची कड कुठे संपते ते कळत नाही. माझं कोरडं. कोपराच्या, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला येतं, कड आखल्यासारखी असते, वर चांदीसारखी साल. जिथे ओरखडा पडतो तिथे नवीन उठतं. ते खरंच होतं, मागच्या वर्षी करवंदीचा काटा दंडावर ओढला गेला तिथे काट्याच्याच रेघेत चट्टा आला होता. दोन्हीपैकी एकही दुसऱ्याला लागत नाही. आत्याला राख बंद आणि पाय कोरडे ठेवायचे. मला तेल, मलम आणि ऊन.

"आणि नाव काय त्याचा?" आत्याने विचारलं. तिला नावाशिवाय पटत नसे.

"सोरायसिस."

"सोयरा?"

"सोरायसिस. पूर्ण जात नाही, आजी. जातो, पुन्हा येतो. थंडीत जास्त येतो."

"मंग सोयराच की," आत्या म्हणाली. "येतो, राहतो, खातो, जातो, परत येतो. त्याला कोण वाळीत टाकता?"

झालं, गावात तेच नाव पडलं. ज्या बाया घागरी अर्ध्या भरून पळाल्या होत्या त्या विहिरीवर विचारायला लागल्या, "सोयरा आलाय का गो? किती दिवस राहणार?" मी म्हणायचे, "होळीपर्यंत. तुला पाठवू का तुझ्याकडं?" मला त्यांचा राग आला होता, तो बरेच महिने टिकला. नंतर लावणीला एका ओळीत वाकून वाकून गेला.

मलम शहापूरच्या दवाखान्यात मिळायचं. काळं कुळकुळीत, डांबराचं. वासही रस्त्यावर डांबर ओततात तोच. आमच्या गावाला तेव्हा बैलगाडीची वाट होती. पहिल्यांदा मलम लावून मी घरात आले तर नवरा वास घेत ओटीवर आला आणि म्हणाला, "समद्या तालुक्याला मागून मिळत नाय, आमच्या घरात बघा, पक्की सडक आली." सासरे घरात होते. मी तोंडात पदर कोंबला. आतून सासऱ्यांचाच हसण्याचा आवाज आला.

उन्हाळ्यात मी भाताच्या पेंढ्यांच्या आडोशाला कोपर-गुडघे उघडे टाकून बसायचे. आत्याने स्वतः पहारा द्यायची पद्धत पाडली होती. कोणी पुरुष त्या वाटेने आला की ओरडायची, "मागं फीर रे, इथं सूनबाई वाळत घातलीय!" मीठ लावलेल्या सुकटीसारखी मी तिथे पडलेली, आणि ती पाय लांब करून पाखडत बसलेली. सुपातला कोंडा माझ्यावर उडायचा आणि माझा तिच्या सुपाकडे. "तुझा कुठला, भाताचा कुठला, कळता तरी का?" म्हणायची. चैत्र-वैशाखात चट्टे फिके व्हायचे, तिचे पायही कोरडे असायचे. तेव्हा आम्ही दोघी मुरबाडच्या जत्रेला जायचो, बांगड्या भरायचो, आणि कासार माझा हात न बिचकता धरायचा. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. मग पाऊस सुरू झाला की तिचं इसब आणि थंडी पडली की माझा सोयरा, असं आम्ही वर्ष वाटून घेतलं होतं. ज्या वेळी जिचं वाढेल तिने पाण्यातलं काम करायचं नाही. घरातल्या पुरुषांना हे कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं सासू-सुनेचं कशाने एवढं जमतं.

गोठ्यातल्या चार दिवसांबद्दल आत्याने माफी मागितली नाही. मीही मागितली नाही, तिच्या पायांना मी मनात काय काय म्हटलं होतं त्याची. फक्त शाळेतल्या त्या दिवसापासून मरेपर्यंत ती माझ्या ताटात जेवायची, शेजारी ताट रिकामं असलं तरी.

त्या दिवशी शाळेच्या खिडकीला जे लटकले होते त्यातलं आता कोणी नाही. आत्या गेली, सासरे गेले, नवरा गेला. मी आहे, आणि नवऱ्याच्या खांद्यावर जो रडत होता तो आहे.