आमेन अडले तेव्हा

ऐंशीच्या दशकात आमच्या ख्रिस्ती मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा घराघरांतून फिरत असे. ठरलेली पाळी टाळायची नाही, असा दंडक होता. त्या बुधवारी पाळी नाहूरच्या आमच्या खोलीची होती, आणि आमची आठ वर्षांची मुलगी मेंदूज्वराने पालिकेच्या रुग्णालयात होती. औषध लागू पडते का ते पाहायचे, एवढेच डॉक्टर दुपारी म्हणाले होते.

मुलीजवळ तिची मावशी थांबली. पत्नी अंघोळीपुरती घरी आली, तोवर सतरंजीवर मंडळी जमली होती. ती डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बसली.

प्रत्येकाने ओळीने मोठ्याने प्रार्थना करावी, इतरांनी आमेन म्हणावे आणि घरधन्याने शेवट करावा, ही रीत. मी गीते रचत असे. प्रार्थनाही ओवीच्या चालीत करी. माझी पाळी आली की एक आजी म्हणत, "कवी आले, मांडी बदलून घ्या रे."

त्या दिवशी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ पंचांनी प्रार्थना केली. लांब आणि सुंदर. शेवटी म्हणाले, "या लेकराविषयी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

सर्व जण आमेन म्हणाले.

"मी नाही म्हणणार," पत्नी म्हणाली.

मिटलेले डोळे उघडले.

"पोरी, असं बोलू नये," पंच म्हणाले. "वधस्तंभाआधी बागेत प्रभूनंही हेच म्हटलं."

"त्यांनी आधी 'हे दुःख टळू दे' असं मागितलं, काका. मग देवावर सोडलं. तुम्ही मागितलंच कुठं? आणि ते स्वतःच्या जिवाबद्दल बोलत होते. इथं पोर माझी आहे."

पंचांनी माझ्याकडे पाहिले. मी तिला आवरावे, ही त्या नजरेतील अपेक्षा होती. माझी ओवी सकाळपासून तयार होती. तिचा शेवटही ईश्वराच्या इच्छेवरच होता; यमक नेमके साधले होते.

"अहो, आज जुळवू नका," पत्नी खाली पाहत म्हणाली. "मागा."

मी म्हणालो, "प्रभू, मुलगी परत दे." पुढे शब्द आले नाहीत.

पत्नीने आमेन म्हटले. मग आजींनी. मग एकेक करून इतरांनी. पंचांचे ओठ मिटलेलेच राहिले. चहा कोणी घेतला नाही. उंबऱ्यात चपला चढवताना पंचांनी पत्नीला विचारले, "आणि नाही दिली तर?"

"तर त्याच्याशी भांडेन. न मागता कोणत्या तोंडानं भांडू?"

ते जिना उतरले.

आम्ही बस धरली. मागितलेल्या वाक्याला काही जोडावे, असे मनात येत होते. जोडले नाही.

धोका टळल्याचे डॉक्टरांनी पुढे काही दिवसांनी सांगितले. त्या संध्याकाळी तसे कोणी सांगितले नव्हते. वॉर्डात शिरलो तेव्हा मुलीने डोळे उघडले, आईला ओळखले आणि कुरकुरली, "आई, केस ओढले जातायत. वेणी सोड ना."

पत्नी खाटेवर टेकली. तिने वेणीला हात घातला, पण गाठ सुटेना. रिबीन मी सोडवली.