काठावर एकही पक्षी नाही

तळ्याच्या कचेरीत तिला सगळे आकडेवाली म्हणायचे. तळ्याभोवती लाकडी मचाणं होती आणि सकाळी त्यांवर बसून कोणी ना कोणी पक्षी मोजायचं. मोजणीचे तक्ते रोज संगणकावर येत. आकडेवालीची स्क्रिप्ट, म्हणजे तिने संगणकाला लिहून दिलेल्या सूचना, ते एकत्र करून नकाशा रंगवी. जास्त पक्षी तिथे गडद निळा, कमी तिथे फिका. बदकांच्या ओळी पडद्यावर सरकू लागल्या की तिला पंख फडफडल्याचा भास व्हायचा, आणि समोरचा चहा गार होऊन जायचा.

पलीकडच्या काठावर तिची सख्खी मावशी बसायची. एका सकाळी मावशीच्या तक्त्यापाशी स्क्रिप्ट अडली. वर तारीख होती, मावशीचं नाव होतं, रकाने होते. खाली एकही ओळ नव्हती. आकडेवालीने स्क्रिप्टला सांगून ठेवलं होतं, एकपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जा. शेवटचा आकडाच शून्य निघाल्यावर ती बिचारी एकवरून उलटी शून्याकडे निघाली आणि नसलेल्या ओळीत नसलेला पक्षी शोधत बसली.

"रिकामाच आहे ना? वगळून टाक," शेजारचा नकाशेवाला म्हणाला. "उगाच डोक्याला ताप."

तिने वगळला. स्क्रिप्ट सुरळीत चालली, नकाशा भिंतीवर लागला.

दुपारी मावशीचा फोन आला. "काय गं, मी मेलेबिले की काय?"

"असं काय बोलतेस!"

"मग नकाशात माझा काठ पांढराफटक कसा? मी काय थंडीत माशा मारत बसते?"

"मावशी, तक्ता रिकामा होता."

"पक्षी नव्हते म्हणून रिकामा. मी होते की!"

दुसऱ्या दिवशी आकडेवाली होडीने पलीकडे गेली. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. वल्ह्याचा आवाजसुद्धा दुरून कोणी दुसरंच वल्हवत असल्यासारखा येत होता. मचाणावर मावशीने आपली शाल तिच्या खांद्यावर ओढली. दोघी बघत राहिल्या. मध्येच धुकं विरळ व्हायचं, राखाडी पाणी दिसायचं, पुन्हा झाकलं जायचं. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत बसल्यासारखं तिला वाटलं.

"काठचं गवत कापून नेलंय," मावशी हळूच म्हणाली. "आता बसतील कुठे बिचारे? पण नाहीत, हेही कोणीतरी बघायला हवं ना?"

हे सगळं बघणं आकडेवालीने काल एका झटक्यात पुसून टाकलं होतं.

परत येऊन तिने स्क्रिप्ट बदलली. आधी ओळी मोज. नसतील तर वाचायला जाऊच नको. तक्त्यावर मोजणाऱ्याचं नाव असेल तर शून्य लिही, काठ रंगव. पण तक्ताच आला नसेल तर शून्यही लिहू नको. 'खबर नाही' असं लिही आणि थांब.

मावशीचा काठ फिकट का होईना, निळा झाला. "आता कसं, जिवंत वाटतंय," मावशी म्हणाली.

पुढे एकदा, धुकं दाट असताना, स्क्रिप्ट थांबली. उत्तरेचा काठ: खबर नाही. तिथे निवृत्त पोस्टमनकाका बसायचे. फोन लागेना. आकडेवाली उठली तसा नकाशेवालाही चपला अडकवून मागोमाग धावला.

दोघं होडीने उत्तरेच्या काठाला लागले. मचाणाची पायरी तुटली होती. काका खाली ओल्या मातीत पडलेले, घोटा सुजून भोपळा झालेला, मोबाईल पाण्यात.

"मला वाटलं, कोणाच्या लक्षातही येणार नाही," काका कण्हत म्हणाले.

"आधी आलंही नसतं," नकाशेवाला मान खाली घालून म्हणाला.

दोघांनी त्यांना होडीत आडवं केलं. आकडेवालीने त्यांचे गारठलेले हात आपल्या हातांत धरले. होडी संथ निघाली. डोक्यावर धुक्यातून पंखांचा आवाज गेला. काकांनी डोळे न उघडताच कान टवकारले.

"लिहून घे पोरी," ते म्हणाले. "बदकं आहेत. किती ते मात्र तू बघ."