दत्तात्रेयाचा टेप ड्राइव्ह

पाणीगेटला आमच्या भिंतीला भिंत लावून दत्तात्रेय राहतो. त्याला काम करताना मी कधी पाहिलेलं नाही. तो चौकशी करतो.

सत्त्याण्णव साली त्याच्या घरी कॉम्प्युटर आला. चालवायची त्याची बायको, चारुलतावहिनी. युनिव्हर्सिटीतल्या मुलांचे प्रबंध त्या टाइप करून द्यायच्या. घर त्यावरच चालायचं आणि सगळं टायपिंग त्या एका मशीनच्या पोटात.

"फ्लॉपीवर उतरवून ठेवते," वहिनी म्हणाल्या.

"फ्लॉपीला बुरशी लागते. टेप ड्राइव्ह घेऊ. गाण्याच्या कॅसेटसारखी टेप, सगळं एकीवर मावतं. तोवर फ्लॉप्यांवर खर्च नको."

मग सयाजीगंजातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दत्तात्रेयाच्या खेपा सुरू झाल्या. आत बसवायचा ड्राइव्ह स्वस्त, पण संथ. बाहेरचा प्रिंटरच्या जागी जोडायचा, म्हणजे तेवढा वेळ छपाई बंद. तिसरा चपळ, पण त्याला वेगळं कार्ड लागणार. दुकानदार गुजराती; याला बघूनच हसायचा, "आवो दत्तुभाई, आजे लेवानुं, के खाली चा?" घ्यायचं राहायचंच; हा नुसता चहा प्यायचा आणि नवं माहितीपत्रक घेऊन परत यायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

मी फिटर होतो. पाना निवडायला कोणी एवढा वेळ लावला असता, तर मुकादमाने तोच पाना त्याच्या टाळक्यात घातला असता.

"दत्तू, कुठलाही एक आण," मी म्हटलं.

"धनाजीराव, घाईत घेतलेली वस्तू म्हणजे डोक्याला ताप."

मार्गशीर्षात मशीन खडखडलं आणि बंद पडलं. डिस्क गेली. आतलं काही हाती लागणार नाही, असं मेकॅनिकने सांगितलं. मैथिली नावाच्या मुलीचा प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता, महिनाअखेर द्यायचा होता. ती जिन्यातच बसून रडली.

नवी डिस्क बसली. वहिनी हस्तलिखित घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाल्या. मनगटाला पट्टी बांधलेली. दत्तात्रेय शेजारी खुर्ची टाकून माहितीपत्रकं चाळत होता.

"बघितलंस? मी म्हणतच होतो, टेप हवीच."

मला किळस आली.

वहिनींनी मान वर केली नाही. "अहो, ते ठेवा आणि हे वाचून दाखवा. सारखी मान वळवावी लागते."

त्याने कसंबसं अर्धं पान वाचलं. मग कागद खाली ठेवले.

"घसा सुकला गं. जरा चहा टाकतेस?"