सुविचाराखालची जागा

नागपुरात सक्करदऱ्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या वस्तीचं वाचनालय होतं. एक खोली, दोन बाकं, तीन पेपर आणि बाहेरच्या भिंतीवर काळा फळा. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी शिक्षिका, शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी वाचनालय उघडायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. फळ्यावर रोज सुविचार लिहायचा, तोही मीच.

एका उन्हाळ्यात माझ्या सुविचाराखाली कोणीतरी लिहून ठेवलं, ‘नळाला तीन दिवस पाणी नाही. हा सुविचार घागरीत भरून ठेवावा का?’ मी पुसायला फडकं उचललं आणि रस्त्यावरच मोठ्यानं हसले. राहू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर आलं, ‘मागच्या गल्लीतल्या विहिरीला पाणी आहे, या.’ मग मीच खिडकीत एका करवंटीत खडू ठेवायला लागले आणि सुविचार वर एका ओळीत उरकू लागले. कोणाची बकरी हरवली, तेही फळ्यावर यायचं. काटोलची संत्री गोड की दुसरीकडची, यावर दोघं आठवडाभर भांडले. शेवटी तिसऱ्यानं लिहिलं, ‘दोघांनी एकेक टोपली इथे आणून ठेवा, आम्ही ठरवतो.’

एकदा मात्र गल्लीतल्या एका मुलीबद्दल घाणेरडं काहीतरी लिहिलेलं दिसलं. फडकं शोधायलाही मी थांबले नाही, पदरानंच पुसून टाकलं.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी मोठ्या, वाकड्या अक्षरांत ओळ होती, ‘पेपर आधी अध्यक्षांच्या घरी जाते. आमाले संध्याकाळी शिळे भेटते.’

आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. वाचनालयाची खोली त्यांच्याच घराची, रस्त्याकडची. पेपरवाला वाचनालयाचे पेपर त्यांच्या दारात टाकायचा, त्यांचे वाचून झाले की ते संध्याकाळी आमच्याकडे यायचे आणि सकाळी येणाऱ्यांसमोर मी कालचेच अंक ठेवायची. अध्यक्षांनी ती ओळ वाचली. म्हणाले, “बाई, पुसा हे. खोली माझी, फळा माझा आणि बदनामीही माझीच का?”

मी पुसलं. दुपारभर शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी नुसती खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी एक विणकर आले. पन्नाशीचे असतील. ते आणि त्यांची बायको घरी हातमागावर लुगडी विणत. मागावर बसण्याआधी ते रोज सकाळी यायचे आणि ओळीखाली बोट धरून मथळे वाचायचे.

“बाई, माह्यं काहून पुसलं?”

“तुम्ही लिहिलं होतं?”

“अर्धा घंटा लागला मले लिवाले. खोटं होतं का?”

“नाही.”

“त्या पोरीचं पुसलं तवा मले बरं वाटलं. ते पुसाचंच होतं. पण हे काहून?”

“खोली त्यांची आहे,” मी पुटपुटले.

“खोली त्याईची आहे. वाचणारे त आपण आहो ना?”

करवंटीतला खडू काढून मी त्यांच्या हातात दिला. “परत लिहा. पण या वेळी खाली नाव घाला.”

“नाव?” ते जरा थबकले. मग म्हणाले, “घालतो.”

त्यांचं लिहून होईपर्यंत मी शेजारी उभी राहिले. मग त्यांच्या नावाखाली लिहिलं, ‘सकाळी हे मी पुसलं होतं. माझं चुकलं.’ आणि माझंही नाव घातलं. आता वाचनालयाची किल्ली परत द्यावी लागणार, असं धरूनच मी घरी गेले आणि ती जुडग्यातून काढून ठेवली.

सकाळी पोहोचले तर अध्यक्ष नुसत्या धोतर-बंडीवर फळ्यासमोर उभे. काखेत तिन्ही पेपर, घडीही न मोडलेले.

“तुम्ही पण, बाई?”

“हो, काका.”

त्यांनी दोन्ही नावं पुन्हा वाचली. मग पेपर माझ्या हातात ठेवत म्हणाले, “इतक्या वर्षांत तोंडावर कोणी सांगितलं नाही हो मला.” आणि आवाज खाली आणून, “घरी वाचताना चहा मिळतो, म्हणून आपलं...”

विणकर पायरीवर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, “चहा काय, मी आणतो ना जी घरून.”

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ते पितळी लोट्यात चहा घेऊन आले.

मी तिथं आणखी सात वर्षं होते. कोणाच्या घरातलं, बायकामुलींचं काही लिहिलं की पुसायचं. बाकी लिहिणाऱ्यानं नाव घालायचं आणि मग ते राहायचं, असं ठरलं. तरी माझ्या हातून चुका झाल्या. एकदा एकाची कोपरखळी मला शिवी वाटली आणि मी ती पुसली. तो तावातावानं आला, समजावून सांगून पुन्हा लिहून गेला. मला त्याचा राग आला नाही. उलट फळ्याकडे माणसांचं इतकं लक्ष आहे, याचं बरं वाटलं.

थंडीत आम्ही एक बाक बाहेर उन्हात काढायचो. अध्यक्ष पेपर मोठ्यानं वाचायचे, अग्रलेख आला की त्यांचा आवाज चढायचा. विणकर चहाचा कप धरून ऐकायचे आणि मधेच हात वर करायचे, “जरा हळूहळू वाचा ना जी, आता कुठं समजून राहिलं मले.”

अध्यक्ष चष्मा सारखा करून तीच ओळ पुन्हा वाचायचे.